नेट चालू आहे, मग आलात कशाला?

"किती आला?"

"मायनस बावीस."

"चल मग, लाव झाकण."

एक पोरगा खांबाला टेकवलेल्या शिडीवर, दुसरा खाली मोटरसायकलवर. पनवेलच्या कुठल्याही गल्लीत हे संभाषण कानावर पडेल. विचारलेला आकडा असतो फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा, डीबीएममध्ये मोजलेला. शून्य म्हणजे एक मिलिवॅट. मायनस दहा म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस वीस म्हणजे शंभरावा, मायनस तीस म्हणजे हजारावा. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे एवढं गणित पाठ असलं की आमच्या धंद्यात भागतं. घरातल्या डब्याला आम्ही ओएनटी म्हणतो, गिऱ्हाईक 'वायफायचा डबा' म्हणतं. त्याला साधारण मायनस २७ पर्यंतचा प्रकाश नीट वाचता येतो. म्हणजे एका मिलिवॅटचा पाचशेवा भाग. तेवढ्यावर पोरांची शिकवणी, बापाची मीटिंग आणि आजीची मालिका असं सगळं एका वेळी चालू असतं.

मी पनवेलमधल्या एका स्थानिक इंटरनेट कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. कंपनी म्हणायचं एवढंच, मुळात केबलवालेच. आधी टीव्हीची केबल, मग गच्चीगच्चीवरून ओढलेली लॅन केबल, मग फायबर. लॅनच्या काळात दर इमारतीच्या गच्चीवर एक स्विच असायचा आणि मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या विजा चमकल्या की सकाळी जळक्या स्विचांचा ढीग ऑफिसात यायचा. काचेतून वीज जात नाही, त्यामुळे फायबरने ती कटकट संपवली. नवी कटकट निराळ्या स्वभावाची निघाली. लॅन एकतर चालायची, नाहीतर बंद पडायची. फायबर मात्र हळूहळू खालावते आणि खालावताना बोंब मारत नाही.

दोष काचेचा नसतो. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की किलोमीटरमागे २० डीबीपेक्षा कमी प्रकाश वाया जाईल इतकी शुद्ध काच मिळाली, तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. तेव्हाच्या काचेत किलोमीटरला हजारच्या आसपास डीबी गडप होत. पुढे १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने ती वीसची मर्यादा गाठून दाखवली, आणि काओंना २००९ साली नोबेल मिळालं. आज आमच्या खांबांवरून लोंबणाऱ्या काचेत किलोमीटरला जेमतेम पाव डीबी जातो. मग उरलेला प्रकाश जातो कुठे? काच जिथे कापली, जोडली, वाकवली, डब्यात कोंबली तिथे.

याचा हिशेब मांडता येतो. नवीन पनवेलमधल्या आमच्या ओएलटीतून, म्हणजे मुख्य यंत्रातून, प्रकाश निघतो तो प्लस चारने. माथेरान रस्त्याने सुकापूरच्या टोकाच्या इमारतीपर्यंत खांबांवरची वळणं-वळसे धरून सहा किलोमीटर काच, तिचे दीड डीबी. वाटेत एकाचे आठ करणारा स्प्लिटर, पुढे इमारतीत पुन्हा एकाचे आठ. दर स्प्लिटरचे साडेदहा. सगळे जॉइंट आणि कनेक्टर मिळून दोन. वजाबाकी केली की घरात मायनस साडेवीस पोचले पाहिजेत. मायनस २६ आले तर साडेपाच डीबी कुणीतरी वाटेत खाल्ले. कुणी, ते शोधायचं.

हे शोधण्याची गरज आम्हाला २०२० साली नीट कळली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. पनवेलला त्याची कडा लागली, पण तेवढ्यानेही झाडं पडली, खांब वाकले. टाळेबंदीचे दिवस. खारघर, कामोठे, नवीन पनवेल, सगळीकडे माणसं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली. पोरांनी पावसात राबून तुटलेलं सगळं जोडलं. तुटलेलं दिसतं, त्यामुळे ते जोडलं जातं. जे नुसतं ताणलं होतं, ते तसंच राहिलं, आणि जुलै-ऑगस्टपासून फोन सुरू झाले. 'नेट बंद आहे' असं कुणी म्हणत नव्हतं. 'मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो', 'दुपारी बरं असतं, पाऊस आला की अडकतं', अशा त्या तक्रारी. फोन घेणारी मुलगी आधी राउटर बंद-चालू करायला सांगे, मग प्लॅन वाढवायला सुचवी. आता, ५० एमबीचा १०० केला म्हणून काही गेलेले डीबी परत येत नाहीत. बिल तेवढं वाढतं.

गंमत अशी की सगळी माहिती ओएलटीच्या पोटात आधीपासून असते. प्रत्येक ओएनटी आपल्याला किती प्रकाश मिळतोय ते कळवत राहतो, आणि त्याच्याकडून परत येणारा प्रकाश ओएलटी स्वतः मोजते. ते पान उघडून बघायला कुणाला फुरसत नसते, एवढंच. एका जुन्या कॉम्प्युटरवर झॅबिक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं, आणि दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक घराचे दोन आकडे जमा व्हायला लागले.

बहुतेक ठिकाणी यापुढचा नियम ठरलेला असतो: सिग्नल मायनस २५ च्या खाली गेला की मोबाइलवर मेसेज. दिसायला शहाणपणाचा, कामाला कुचकामी. आमच्याकडे लांबच्या गावांतली कितीतरी घरं पहिल्या दिवसापासून पंचविशीच्या आसपास आहेत. त्यांचे मेसेज रात्रंदिवस वाजत राहतात, आणि कंटाळलेली पोरं तो ग्रुप म्यूट करून टाकतात. मग खरा मेसेज आला तरी कुणी बघत नाही. दुसरी अडचण मोजणीचीच. ओएनटीच्या आत बसवलेला मीटर काही प्रयोगशाळेतला नव्हे. तो तीन डीबीपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो आणि मानकांनाही ते चालतं. शेजारशेजारच्या दोन घरांत एकाचा २० आणि दुसऱ्याचा २२ दिसला, तर खरोखर फरक आहे की डबे वेगळे आहेत म्हणून तसं दिसतं, हे सांगता येत नाही. पण तोच डबा आज जे दाखवतो तेच उद्या दाखवतो, फार तर अर्ध्या डीबीचा फरक. म्हणून घराची तुलना शेजाऱ्याशी करायची नाही, त्याच घराच्या गेल्या महिन्याशी करायची. अंगणवाडीतली ताई बाळाच्या वजनाचा तक्ता ठेवते, तसं. मूल बारीक आहे म्हणून ती घाबरत नाही, गेल्या महिन्यापेक्षा वजन उतरलं की लगेच घरी येते.

तेव्हापासून आमचा नियम तोच. गेल्या महिन्याच्या मधल्या आकड्यापेक्षा दीड डीबी उतरला आणि दिवसभर उतरलेलाच राहिला, तर ते घर यादीत. एकाच स्प्लिटरवरची तीन-चार घरं एकदम एकेक डीबीने जरी उतरली, तरी तो स्प्लिटर यादीत सगळ्यात वर. गाढी नदीपलीकडे विचुंब्यात एक घर मायनस २४ वर आहे, आणि मी बघतोय तेव्हापासून तिथेच आहे. त्याच्या वाटेला आम्ही जात नाही. खांदा कॉलनीतलं मायनस १५ वरून १७ वर आलेलं घर मात्र त्याच दिवशी बघायचं, जरी सतरा हा आकडा कुठल्याही पुस्तकात उत्तम असला तरी.

नवीन पोरांना हे पटवणं कठीण जातं. "सर, सतरा म्हणजे भारी सिग्नल आहे की!" भारी आहे, पण दोन डीबी गेले कुठे?

एका पावसाळ्यातल्या जॉइंटची गोष्ट सांगतो. विचुंब्याच्या बाजूच्या एका स्प्लिटरवरची आठही घरं पाऊस पडला की दोन-अडीच डीबी खाली जायची आणि ऊन पडलं की परत वर. आठही एकदम, म्हणजे बिघाड कुणाच्या घरात नाही, स्प्लिटरपाशी किंवा त्याच्या अलीकडे. आलेखावर बघितलं तर पावसाच्या सरी मोजता आल्या असत्या. एकाही घरातून तक्रार नव्हती. आम्ही आठही जणांना फोन करून कळवलं, की दुपारी अर्धा तास नेट बंद राहील.

खांबावरचा काळा डबा खाली उतरवला. चारपैकी दोन क्लिपा लावलेल्याच नव्हत्या आणि झाकणाखालचं रबर एका बाजूने बाहेर आलेलं. उघडल्याबरोबर मुंग्या. पांढरी अंडी तोंडात धरून ट्रेवरून सैरावैरा पळणाऱ्या शेकडो मुंग्या, आणि खाली बोटभर ओली माती. स्प्लिटरचा कनेक्टर ज्या अडॅप्टरमध्ये खोचला होता त्याच्या आत दमट काळपट थर. शिवाय कुणीतरी फायबरची गुंडाळी ट्रेत मावेना म्हणून बोटाएवढ्या वेटोळ्यात दाबून बसवली होती. आमचा जॉइंटवाला फार बोलत नाही. त्याने मुंग्या फुंकरल्या, ट्रे पुसली, कनेक्टर कापूनच टाकला. फायबरचं आवरण सोललं की आत केसासारखी काच उरते, सव्वाशे मायक्रॉन जाडीची, आणि प्रकाश जातो तो त्यातल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. ती स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने एका झटक्यात सरळ कापायची, मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. स्क्रीनवर ती जाडजूड दिसतात, एकमेकांकडे सरकतात, मधे ठिणगी पडते. मशिनने जॉइंटचा अंदाज दाखवला ०.०१. मोटरसायकलवर उभं राहून एकाने छत्री धरली होती, कारण तेवढ्यात पुन्हा सर आली.

काम पंचवीस मिनिटांत झालं आणि तेवढ्यात ऑफिसला तक्रारीचे पाच फोन आले. पाचही जणांना आम्ही आधी कळवलं होतं. पावसाळाभर सिग्नल खाली-वर होत होता तेव्हा यातल्या कुणीही फोन केला नव्हता. महिन्याच्या हिशेबात त्या भागातल्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. कंपनीच्या शेठनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "हे तुझं आधीच बघणं ना?"

शेठचं चुकत नाही. त्यांच्यासमोर येतो तो तक्रारींचा आकडा, आणि आलीच नाही ती तक्रार कागदावर दिसत नाही. पोरांचंही तसंच. आमच्या धंद्यात पुष्कळ ठिकाणी पोरांना कामाप्रमाणे पैसे मिळतात: नवीन कनेक्शनचे इतके, तक्रार मिटवल्याचे इतके. बंद न पडलेल्या घरी जाण्याचे काहीच नाहीत. मग अशा यादीतलं नाव कोण घेईल? मी भांडून एवढंच करून घेतलं, की यादीतल्या कामाचे पैसे तक्रारीएवढेच धरायचे. त्याआधी माझी यादी संध्याकाळी सकाळी होती तशीच असायची. सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा हे काम जड गेलं, आणि माझ्या मते उपयोग याचाच जास्त झाला. ज्यांना असं काही सुरू करायचं असेल, त्यांनी आधी पोरांचा दर ठरवावा, आलेख मागून काढावेत.

नेरे गावाकडच्या आमच्या लाइनीची रचना निराळी. गावं रस्त्याच्या कडेने एकापुढे एक, म्हणून तिथे समान वाटे करणारे स्प्लिटर न लावता कपलरची साखळी लावलेली असते. पहिल्या कपलरने दहा टक्के प्रकाश वाडीला द्यायचा, नव्वद पुढे सोडायचा. पुढचा वीस-ऐंशी, मग तीस-सत्तर. केबल टीव्हीच्या दिवसांपासूनची ही पद्धत. तिचा मोठा फायदा म्हणजे बिघाडाची जागा आकडेच सांगतात. आकुर्लीपर्यंतची घरं जागच्या जागी आणि तिथून पुढची सगळी सारखीच उतरलेली, तर शिडी कुठे लावायची ते ऑफिसात बसून कळतं. नेऱ्याच्या एका घरी गेलो तर ओटीवर बसलेल्या आगरी आजोबांनी उठूनसुद्धा पाहिलं नाही. "नेट त चालू हाय, मंग कनाला आयलास?" नातवाचा मोबाइल घेऊन स्पीड दाखवली, तारेवर खारीने कुरतडलेली जागा दाखवली. आवरण गेलेलं, काच उघडी पडलेली, अजून तुटली नव्हती. आजोबा म्हणाले, "तुटली का ये." मग चहा आला.

एक घर मात्र माझ्या कायम लक्षात राहिलं. नवीन पनवेलमधली वन बीएचके. आलेख असा, की रात्री अकराच्या सुमारास सिग्नल चार डीबीने खाली, सकाळी साडेसहाला पुन्हा जागेवर. रोज. ओएलटीकडून घराकडे जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो आणि घरातून परत येणारा १३१० चा. फायबर नको तिथे वाकली की लांब तरंगाचा प्रकाश जास्त गळतो, आखूड तरंगाचा कमी. कनेक्टरवर धूळ असेल तर दोन्हीकडे सारखंच नुकसान. इथे जाणारा चारने पडत होता, येणारा एकानेही नाही. म्हणजे वायर कुठेतरी वाकत होती, पण रात्रीचीच का?

दार काकूंनी उघडलं. "चालू आहे हो नेट. काका बघतायत मॅच." त्यांना म्हटलं, काकू, रात्री अकरा वाजता या खोलीत काय होतं? त्या जरा चमकल्याच. मग म्हणाल्या, "काही नाही, मुलगा झोपतो इथे." सोफा-कम-बेड. रात्री तो ओढून उघडला की मागचा लोखंडी पाय भिंतीलगतच्या पिवळ्या वायरला दाबून काटकोनात मोडायचा. वायर हातभर वर घेतली, दोन क्लिपा मारल्या, झालं.

खाली उतरताना मात्र मनात आलं, की मी एका परक्या घरातलं कोण कधी झोपतं ते ऑफिसात बसून सांगू शकत होतो. हे या कामाचं दुसरं अंग, आणि त्याबद्दल आमच्या धंद्यात कुणी बोलत नाही. ओएनटीची वीज गेली की तो विझता विझता एक शेवटचा संदेश पाठवतो, 'वीज गेली' एवढाच. त्यामुळे वायर तुटली आहे की नुसतं बटण बंद केलंय ते लगेच कळतं, नाहीतर प्रत्येक बंद डब्यामागे माणूस धाडावा लागेल. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत पनवेलचा आमचा नकाशा या संदेशांनी भरून जातो. माणसं बटणं बंद करून, कुलपं लावून गोव्याच्या हमरस्त्याला लागलेली असतात. महाड, चिपळूण, कणकवली. ज्यांच्या हाती ही यादी आहे, त्यांना कुठल्या इमारतीत कुठलं घर किती दिवस बंद आहे ते माहीत असतं. चोराला याहून चांगली यादी कुठे मिळणार? म्हणून बंद घरांची यादी आमच्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, छापायची नाही, आणि पोरांना फक्त उतरलेल्या सिग्नलची घरं द्यायची असा दंडक आहे. तंत्रज्ञानाने जे दिसतं ते सगळं सगळ्यांना दिसायला हवंच असं नाही, आणि हे मोठ्या कंपन्यांनाही लागू आहे.

या सगळ्याने सगळं थांबतं असंही नाही. जेसीबीला कुठला आलेख अडवणार? गटारासाठी, गॅसच्या पाइपसाठी, पाण्याच्या लाइनसाठी पनवेलमध्ये कुठे ना कुठे खणणं चालूच असतं, आणि बकेटने ओढली की फायबर एका क्षणात शून्य होते. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे वळणारा उंच ट्रेलर चुकून आतल्या रस्त्याला शिरला की खांबावरची केबल घेऊनच जातो. तिथे धावतच जावं लागतं. पण जे हळूहळू बिघडतं, ते आधी कळू शकतं, आणि आमच्या अनुभवात पावसाळ्यातल्या बिघाडांपैकी बरेचसे मे महिन्यातच आलेखात दिसायला लागलेले असतात. म्हणून आता झाकणं, रबरं आणि क्लिपा बघण्याची फेरी आम्ही पाऊस सुरू होण्याआधी मारतो, तीही त्या यादीच्या क्रमाने.

तुमच्या घरी फायबर असेल तर एवढं करा. कनेक्शन देणाऱ्या मुलाला सिग्नल किती आला ते विचारा आणि तारखेसकट डब्याच्या मागे पेनाने लिहून ठेवा. पुढे कधी आवाज तुटायला लागला तर प्लॅन वाढवण्याआधी तो आकडा पुन्हा मोजून मागा. फर्निचर हलवाल तेव्हा पिवळी वायर दाबली जात नाही ना ते बघा. आणि नेट व्यवस्थित चालू असताना कुणी दारात येऊन 'सिग्नल बघायचाय' म्हणाला, तर त्याचं ओळखपत्र बघा, ऑफिसला फोन करून खात्री करा, आणि मग त्याला आत घ्या.